फोनवरचे बाबा

त्या दिवशी बाबांचं भांडण झालं ते गोदामातल्या फोर्कलिफ्टशी. माणसांशी ते फारसे भांडत नसत. यंत्रांशी मात्र त्यांचं कधी जमलंच नाही. सकाळपासून तिचा भोंगा अडकून बसला होता आणि चालवणारा खाली उतरून कानावर हात ठेवून उभा होता. बाबा गुडघे धरत तिच्याजवळ गेले, तिच्या पत्र्यावर एक चापट मारली आणि म्हणाले, "गप बस गं बये, गिऱ्हाईक पळून जाईल." भोंगा थांबला. चालवणारा हसला, बाबा हसले, आणि वजनकाट्याच्या खिडकीत पुस्तक उघडून बसलेली धाकटीही हसली. सकाळी वाचनालयातली नोकरी आणि दुपारी गोदामाचा काटा, असं तिचं कित्येक वर्षं चाललं होतं. काट्यावर ट्रक यायच्या आधी दोन पानं, ट्रक गेल्यावर दोन पानं. बाबा म्हणत, "ही पोरगी ट्रकसुद्धा प्रकरणं पाडून मोजते."

तेवढ्यात ऑफिसातला फोन वाजला. दादाने उचलला.

"बोला, शेठच बोलतोय."

आवाज बाबांचा होता. बाबा दारातच उभे होते, हाताला लागलेलं वंगण पुसत. स्वतःला फोनवर बोलताना त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. दादाने फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हणालो मी?"

"उद्या दुपारपर्यंत ट्रक पाठवा म्हणालात. भाडं जुन्याच दराने."

"जुन्याच दराने?" बाबांनी जरा विचार केला. "बरं. चांगला माणूस आहे मी."

घरात हा विनोद जुना होता. आजोबांचा घसा गेला तेव्हापासूनचा. गिऱ्हाइकांना आजोबांचाच शब्द हवा असायचा, आणि आजोबांच्या तोंडून तर खरखरीपलीकडे काही निघेना. मग बाबा फोनवर आजोबा झाले. पुढे आजोबा वारले, तरी काही आठवडे ते फोनवर दर सांगत राहिले, मालाची चौकशी करत राहिले, शेवटी एक व्यापारी सांत्वनाला दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "अहो, पण परवाच तर मला ओरडले ते!" हा किस्सा घरात सगळ्या लग्नांत सांगितला जाई. मग दादाचा आवाज फुटला आणि तोही नेमका त्याच सुरात फुटला. तेव्हापासून गोदामाचा फोन कोणी का उचलेना, बोलत असत ते बाबाच. यात कोणी कोणाला फसवतंय असं कोणाच्याच मनात आलं नाही. दुकानाची पाटी जशी बापाच्या नावाने असते, तसा फोन.

दुसऱ्या दिवशी गोदामाचं शटर वर जायच्या आत तपास अधिकारी आला. बरोबर न्यायालयाचा हुकूम होता आणि झडती घ्यायला माणसं.

प्रकरण असं होतं. तांब्याचा एक व्यापारी आपला माल त्यांच्या गोदामात ठेवत असे आणि त्या मालावर कर्ज काढत असे. एकाच तांब्यावर त्याने तीन कंपन्यांकडून कर्ज उचललं आणि तो गायब झाला. तिन्ही कंपन्यांनी पैसे देण्याआधी रीतसर गोदामाला फोन केला होता आणि तो फोन ध्वनिमुद्रित केला होता. माल आहे का? आहे. आपण पाहिलात? पाहिला. आता मागच्या शेडमध्ये जमिनीवर रंगवलेल्या पिवळ्या चौकोनात तांब्याची एक गुंडाळीसुद्धा नव्हती.

"या फोनवर बोलायला कोण असतं?" अधिकाऱ्याने विचारलं होतं.

आणि बाबांनी, काय घडलंय हे कळायच्या आधीच, सवयीने सांगून टाकलं होतं, "या फोनवर जे बोललं जातं ते मीच बोलतो."

ते लिहून घेतलं गेलं. मग त्यांना मागच्या शेडमध्ये नेलं. गुडघ्यांमुळे ते तिकडे फिरकत नसत. तिकडचं सगळं दादा बघायचा. बाबा त्या रिकाम्या पिवळ्या चौकोनाच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि त्यांनी दादाकडे पाहिलं. संध्याकाळी खुर्चीतून उठताना ते पुन्हा खाली बसले, ते बसलेच; डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतर घरात भीतीने घर केलं. रडायलासुद्धा फुरसत मिळाली नाही. रस्त्यावर गाडीचा वेग कमी झाला की सगळ्यांचे घास तोंडाशी थांबत. खाती गोठवलेली, गोदामाला सील. वहिनीने नवऱ्याचे कपडे, चष्मा आणि दाढीचं सामान एका पिशवीत भरून ती दाराआड ठेवली होती, आणि आपण ती भरली आहे हे कोणाला माहीत नाही असं तिला वाटत होतं. दादा अंगावरच्या कपड्यांतच झोपायचा. घरातला फोन वाजायचा, वाजत राहायचा. उचलायला कोणी धजत नव्हतं. उचलायचा, तर आता कोणाच्या आवाजात उचलायचा?

आज दुपारी अधिकारी घरी येणार होता, फोनचं ध्वनिमुद्रण ऐकवायला आणि घरच्यांकडून आवाजाची ओळख पटवून घ्यायला. त्याआधी वकीलबाई येऊन बसल्या होत्या. जेवणाच्या टेबलाशी आई, तिच्याशेजारी वहिनी, समोर काका. दादा खिडकीपाशी उभा, पडद्याआडून रस्ता बघत. धाकटीने चहा ठेवला. कोणीही कप उचलला नाही.

"मी फक्त कायदा सांगते," वकीलबाई म्हणाल्या. "गेलेल्या माणसावर फौजदारी खटला चालत नाही. आरोपी वारला की त्याच्यापुरतं ते प्रकरण तिथेच संपतं. वसुलीचा दावा संपत नाही, तो त्यांच्या मालमत्तेवर चालू राहतो. गोदाम जाईल. घर मी बहुतेक वाचवेन. पण कोणी तुरुंगात जाणार नाही."

"म्हणजे आवाज भाऊंचा असला तर," काका म्हणाले.

"आवाज कोणाचा हे तुम्ही सांगायचं. काय सांगा हे मला सांगता येत नाही, आणि तुम्ही आपापसात काय ठरवलंय ते मला ऐकायचंही नाही."

"हेही बरंय," काका म्हणाले. "बहिरं राहायची फी वेगळी लागत नाही ना?"

कोणी हसलं नाही. काकांनाही ते अपेक्षित नव्हतं. बाबा गेल्यावर पहिल्यांदा दादाची गचांडी धरणारे काकाच होते. "माझ्या भावाला खाल्लंस तू," असं ते जिन्यात ओरडले होते, शेजारपाजाऱ्यांच्या देखत. मग कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं की भागीदार म्हणून त्यांचं नाव अजून कागदोपत्री आहे, आणि मुलगा अडकला तर धागा त्यांच्यापर्यंतही येईल. तेव्हापासून त्यांचा सूर बदलला. आता ते पुतण्याला 'बाळा' म्हणत होते.

"भाऊंनी स्वतःच सांगितलंय ना," ते म्हणाले. "फोनवर मीच बोलतो म्हणून. त्यांच्या शब्दाबाहेर आपण का जायचं? उलट हा त्यांचा मान आहे."

"बाबा काय ते जाणूनच बोलले असतील," वहिनी घाईने म्हणाली. तिने आईचा हात हातात घेतला होता. इतक्या वर्षांत स्वयंपाकघराच्या ओट्यावरून ज्या दोघींचं कधी पटलं नाही, त्या आता एका खुर्चीवर बसल्यासारख्या बसल्या होत्या. "पोराला वाचवायला बोलले. कोणता बाप नाही बोलणार?"

"ते तेव्हा शेडमध्ये गेलेही नव्हते," धाकटी म्हणाली. "त्यांना काही माहीतच नव्हतं."

"तुला काय ठाऊक त्यांना काय माहीत होतं?" काका. "तू तर पुस्तकात असायचीस."

धाकटीने वकीलबाईंकडे पाहिलं. "आणि आवाज त्यांचा नाही असं कोणी म्हटलं तर?"

वकीलबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तर ज्याचा असेल त्याच्या आवाजाचा नमुना घेतील. पण त्याआधी अटक होईल. तीन फोन आहेत, तीन वेगवेगळे गुन्हे धरले जातील. जामीन लवकर मिळेल असं मी म्हणणार नाही."

वहिनीच्या घशातून बारीकसा आवाज निघाला, दार करकरावं तसा. आईने इतका वेळ कोणाकडे पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "एक गेला. दुसरा नको." एवढंच. मग कपातल्या चहावर आलेली साय बोटाने बाजूला करत बसली.

धाकटी उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडला. पाण्याच्या आवाजाआडून दादा मागे येऊन उभा राहिला.

"छोटे."

"बोल."

"मी पैसे नाही खाल्ले. तुझी शपथ."

"माझी नको घेऊस."

तो घाईघाईने बोलू लागला. पहिल्या वेळी माल होता गं. खरंच होता, मी मोजून घेतला होता. दुसऱ्या वेळी अर्धा होता, तो व्यापारी म्हणाला, बाकीचा वाटेत आहे, उद्या येतोय, तू हो म्हण, नाहीतर माझा सौदा बुडतो. तिसऱ्या वेळी मी शेडमध्ये गेलोच नाही. मला भीती वाटत होती जायची. "तो म्हणाला, पुढच्या वर्षी आपण दोघं भागीदारीत नवं गोदाम काढू. माझ्या नावाचं. मी फक्त हो म्हणालो, छोटे. बाकी काही केलं नाही."

"बाबांच्या आवाजात हो म्हणालास."

"मग कोणाच्या आवाजात म्हणणार?" तो एकदम कळवळून म्हणाला. "माझा आवाज ओळखतो कोण? पंधरा वर्षं त्या टेबलाशी बसतोय मी. एका गिऱ्हाइकाला माझं नाव माहीत नाही. माझ्या सासऱ्यांनी एकदा फोन केला, त्यांनाही बाबाच वाटले. बोलत बसले माझ्याशी, माझ्याच तक्रारी करत!"

एरवी हे दोघंही पोट धरून हसले असते. धाकटीला हसू आलंही, आणि ते तिने आवरलं. तिने वळून पाहिलं. लहानपणी हा अंधाराला भ्यायचा. बोळातला दिवा जळत असल्याशिवाय झोपायचा नाही, आणि तो दिवा लावायला उठायची ती, त्याच्याहून चार वर्षांनी लहान असून. आता त्याच्या कानशिलाजवळची शीर उडत होती. कोठडीत दिवा असतो की नसतो, असा एक वेडगळ प्रश्न तिच्या मनात आला.

"तू काही बोलू नकोस," तो म्हणाला. "खोटं बोल असं म्हणत नाही मी. नुसती गप्प बस. तुला जमतं ते."

ते खरंच होतं. घरात तिला त्यासाठीच नावाजत.

बाहेर गाडीचं दार आपटलं. दादाने नळ बंद केला, आणि अचानक घर फार शांत झालं.

अधिकारी एकटाच आला. साधा माणूस, सर्दी झालेला, हातात रुमाल. बूट काढू का म्हणून त्याने दारातच विचारलं. वहिनी 'नको नको' म्हणाली तरी त्याने काढले. त्याच्या एका मोज्याला अंगठ्याजवळ भोक होतं. धाकटीची नजर परत परत तिथे जात होती. भीती वाटावी असं त्या माणसात काहीच नव्हतं, आणि तरी टेबलाभोवती कोणी नीट श्वास घेत नव्हतं.

"माझ्या दुःखद प्रसंगी येण्याची वेळ," तो बोलता बोलता अडखळला, "म्हणजे तुमच्या. माफ करा." त्याने छोटा स्पीकर टेबलावर ठेवला. "तिन्ही फोन सारखेच आहेत. मी शेवटचा ऐकवतो. मग एकेकाने सांगायचं, आवाज ओळखता का. एवढंच काम आहे."

त्याने बटण दाबलं.

आधी एका तरुण मुलीचा आवाज आला, नोकरीतला, पाठ केलेला. मग तो.

"बोला, शेठच बोलतोय."

आई खुर्चीत ताठ झाली.

"साहेब, तांब्याच्या गुंडाळ्या आपल्या मागच्या शेडमध्ये आहेत ना? आपण स्वतः पाहिल्यात?"

"आत्ताच बघून आलो." एक श्वास. "हे बघा बाई, माझ्या गोदामात माल आहे म्हटलं, की आहे." आणि थोडंसं हसणं, घशातल्या घशात.

ध्वनिमुद्रण थांबलं. वाक्य बाबांचंच होतं. हसणंही. तीस वर्षं गोदामाच्या धुळीत काढलेल्या माणसाचा तो मधला श्वाससुद्धा होता. पण बाबांचा श्वास भलत्याच ठिकाणी यायचा, शब्द अर्धा तोडून, आणि त्यांना त्याचा राग यायचा. हा श्वास अगदी योग्य जागी आला होता, वाक्य संपल्यावर, नटासारखा. जिन्यावरून कोण चढतंय हे जसं पावलांवरून कळतं, तसं ते धाकटीला कळलं. तिला कळलं म्हणजे टेबलाभोवती सगळ्यांनाच कळलं असणार, असं तिला वाटलं.

"भाऊच," काका म्हणाले, विचारायच्या आधी.

"बाबा," वहिनी म्हणाली, टेबलाकडे बघत.

अधिकाऱ्याने लिहून घेतलं, नाक पुसलं, आणि आईकडे वळला. "आपण?"

आईचे डोळे स्पीकरवर खिळले होते. "पुन्हा लावा," ती म्हणाली.

त्याने पुन्हा लावलं. आत्ताच बघून आलो. हे बघा बाई. आई पुढे झुकली, कान जवळ नेला. तिच्या चेहऱ्यावर असं काही उमटत गेलं की धाकटी बघतच राहिली. आई नाटक करत नव्हती. मुलाला वाचवायचं म्हणून ती आली असेल, टेबलाशी बसली असेल. पण त्या आवाजाने तिला कधीच पलीकडे नेलं होतं. ती हसत होती. त्या हसण्याला हसत होती.

"ह्यांचाच," ती म्हणाली. "आणखी एकदा लावता?"

तिसऱ्यांदा आवाज आला. दादाने भिंतीला पाठ टेकली होती. आईला आपल्या आवाजावर असं हसताना बघून त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. अटकेच्या भीतीने तो इतका पांढरा कधी पडला नव्हता.

"साहेब," आई म्हणाली, अगदी हळू, दुकानात महागडी वस्तू मागावी तशी संकोचून, "ह्याची एक प्रत मिळेल का? आमच्याकडे ह्यांचा आवाज कुठेच नाही. कॅमेरा दिसला की पळायचे. एवढाच राहिलाय बघा."

"प्रकरण मिटलं की अर्ज करा," अधिकारी म्हणाला. त्यालाही जरा अवघडल्यासारखं झालं. "मिळू शकेल."

"मी रोज लावेन," आई वहिनीला म्हणाली. "संध्याकाळी. तू लावून देत जा मला."

वहिनीने मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तिने आईचा हात सोडला नाही. काका छताकडे बघत होते. वकीलबाईंनी चष्मा पुन्हा लावला होता आणि त्या आपल्या फायलीची दोरी विनाकारण सोडत-बांधत होत्या.

धाकटीला दिसलं, पुढची सगळी वर्षं दिसली. याच टेबलावर रोज संध्याकाळी हा आवाज लागेल. माल नसताना माल आहे म्हणेल आणि हसेल. नातवंडांना सांगतील, हे तुमचे आजोबा. आणि दादा, तुरुंगात न गेलेला दादा, शेजारच्या खोलीत बसून रोज ते ऐकेल. हळूहळू तिलाही बाबांचा खरा आवाज आठवेनासा होईल, तो तुटका श्वास, तो वैताग. आठवायला गेलं की हाच पुढे येईल. एकदा गेलेला माणूस दुसऱ्यांदा जाईल, आणि या वेळी कोणी रडणारही नाही.

"आणि आपण?" अधिकाऱ्याने तिला विचारलं. "आवाज ओळखता?"

दादा तिच्याकडे बघत होता. त्याने मान हलवली नाही, डोळ्यांनीही काही म्हटलं नाही. मान डोलावली तरी काम भागलं असतं. नुसती मान. दाराआडची ती पिशवी तिला खुर्चीतून दिसत होती, आणि पिशवीतून डोकावणारा टॉवेल. हे तोंडातून निघालं की परत आत घेता येणार नाही. वहिनी आपल्याशी जन्मात बोलणार नाही. आई कदाचित ओळखही दाखवणार नाही. इतकी भीती तिला बाबा गेले त्या संध्याकाळीही वाटली नव्हती, कारण त्या संध्याकाळी तिच्या हातात काहीच नव्हतं.

तिने अधिकाऱ्याकडे पाहिलं नाही. ती उठली, टेबलाला वळसा घालून आईपाशी गेली आणि तिच्या खुर्चीशेजारी खाली बसली, तिचं तोंड आपल्या तोंडासमोर येईल अशी. एक गोष्ट होती जी बाबा गेल्यापासून तिने कोणापुढे बोलून दाखवली नव्हती. आणि न बोललेली दुसरी त्याहूनही जुनी होती, गोदामाचा फोन वाजायचा आणि सगळे हसायचे तेव्हापासूनचा.

"आई," ती म्हणाली, "हे बाबा नाहीत. बाबा गेले."

आईचे ओठ हलले. धाकटीने तिचे दोन्ही हात धरले आणि मान वर करून, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, जो तिचा तिलाच अनोळखी वाटला, म्हणाली,

"हा दादाचा आवाज आहे. पहिल्यापासून दादाचाच होता. आपण कोणी त्याला एकदाही म्हटलं नाही, तुझ्या आवाजात बोल म्हणून. मीसुद्धा नाही. दादा, आता बोल."